स्वस्त आयशॅडो पॅलेट: परीक्षा तपकिरीचीच

या फेरीत नवीन काही घ्यायचं नाही, आहेत त्याच स्वस्त पॅलेट नीट वापरून बघायच्या असं ठरवलं होतं. टेबलावर तीन आहेत. एक तपकिरी-पीच रंगांची छोटी, एक सगळं इंद्रधनुष्य कोंबलेली भलीमोठी आणि एक फक्त जांभळ्यांची. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीची एक पॅलेट झकास आणि दुसरी अगदीच टाकाऊ असं सर्रास होतं, त्यामुळे नावावर जाऊन उपयोग नसतो.

आधी पद्धत. बोटाने मनगटावर ओढलेला स्वॉच मी निकालात धरतच नाही. बोटाला ऊब असते, थोडा तेलकटपणा असतो, शिवाय आपण नकळत दाबतो. एवढं सगळं जमून आल्यावर कुठलीही शेड गडद आणि मऊसूत दिसणारच. पापणीवर आपण ब्रश चालवतो, तोही हलक्या हाताने. म्हणून हाताच्या आतल्या बाजूला ब्रशनेच दोन पट्टे काढते, एक कोऱ्या त्वचेवर आणि एक प्राइमरवर (रंग नीट बसावा म्हणून आधी लावायचा थर). मग कोरड्या स्वच्छ ब्रशने दोन्हींच्या कडा घासते. रंग कडेला हळूहळू विरत गेला तर पास. कडा तशीच राहिली आणि मधला रंगच उडाला, तर ती शेड डोळ्यावर डाग पाडणार हे नक्की.

आता मुख्य मुद्दा. स्वस्त पॅलेटमधल्या शिमरवर, म्हणजे चमकदार शेडवर, भाळू नका. चांगला शिमर आता कुणालाही बनवता येतो. अभ्रकाच्या चपट्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिलेला असतो. थराची जाडी बदलली की चमक बदलते: पातळ थराला चंदेरी, जाडी वाढवत नेली की सोनेरी, मग तांबूस, जांभळी, निळी, हिरवी. हा माल उत्पादकांना तयारच मिळतो. शिवाय चपटे कण त्वचेवर आडवे पडून प्रकाश परत फेकतात, त्यामुळे खालचं ब्लेंडिंग ओबडधोबड असलं तरी झाकून जातं. मॅटला, म्हणजे बिनचमकीच्या शेडला, अशी कुठलीच सोय नाही. पिगमेंट बारीक दळलेलं हवं, पावडरभर सारखं मिसळलेलं हवं, तेल बेताचं हवं आणि पॅनमध्ये, म्हणजे रंगाच्या छोट्या वाटीत, पावडर भरताना दाबही बरोबर हवा. दाब जास्त झाला तर ब्रशला रंगच येत नाही, कमी झाला तर निम्मी पावडर गालावर.

म्हणून पॅलेट हातात आली की मी सगळ्यात कंटाळवाणी शेड शोधते: क्रीजमध्ये, म्हणजे पापणीच्या घडीत, लावायची मध्यम तपकिरी, बाकीच्या रंगांच्या कडा विरवणारी आपली ट्रान्झिशन शेड. रोज हात जातो तो हिच्याकडेच, आणि ही बिघडली तर बाकीचे सगळे रंग शोभेचे.

छोट्या पॅलेटमधली तपकिरी पॅनमध्ये अगदी सामान्य दिसते. ब्रश टेकवला की थोडी धूळ उडते, ती मी माफ करते. मऊ दाबलेल्या मॅटमध्ये एवढं चालायचंच, ब्रश झटकून घेतला की झालं. पापणीवर पहिल्या हाताला जेमतेम सावली आली. दुसऱ्या हाताला रंग चढला आणि कुठेही ठिगळ नाही. मला हेच हवं असतं. एका फटक्यात भसकन चढणारी तपकिरी दिसायला दमदार, पण सावरायला महाकठीण.

मोठ्या पॅलेटमधली तपकिरी उलट. पॅनमध्ये चॉकलेटी, डोळ्यावर राखाडी. यात पांढरा बेस जास्त आहे. गोऱ्या त्वचेवर कदाचित खपून जाईल, पण गव्हाळ-सावळ्या त्वचेवर खडू फिरवल्यासारखं दिसतं. त्यातली फिकट क्रीम शेड तर भुवईखाली पांढरा पट्टाच ओढते. लाल आणि निऑन गुलाबी मात्र जबरदस्त आहेत, आणि तिथे मागचं लेबल वाचणं भाग आहे. काही पॅलेटवर ‘आयशॅडो’ऐवजी ‘प्रेस्ड पिगमेंट’ लिहिलेलं असतं. अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायच्या रंगांना वेगळी मंजुरी लागते, आणि सीआय (कलर इंडेक्स, रंगद्रव्यांचा क्रमांक) १५८५० सारख्या लालला ती नाही, म्हणून हे वेगळं नाव. युरोपात हाच रंग डोळ्यांसाठी चालतो. म्हणजे लेबल पाहून घाबरून जायचं कारण नाही, पण डोळे नाजूक असतील तर असले रंग सोडलेलेच बरे. शिवाय काही लाल रंग धुतल्यावरही पापणीवर गुलाबी छटा ठेवून जातात.

जांभळीबद्दल थोडी दया दाखवायला हवी. तपकिरी रंग आयर्न ऑक्साइडवर चालतात: सीआय ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. ही मंडळी कमी मात्रेतही भरपूर रंग देतात आणि झाकतातही छान. जांभळ्यासाठी बऱ्याचदा अल्ट्रामरीन आणि मँगनीज व्हायोलेट येतात, त्यांच्यात तेवढी ताकद नाही. त्यामुळे महागड्या पॅलेटमध्येही मॅट जांभळा पॅची निघतो. माझ्या जांभळीतला गडद रंग ब्लेंड करायला गेलं की मधोमध भोक पडतं. घासायचं सोडून चपट्या ब्रशने थापत लावला तर बसतो. कडा मात्र छोट्या पॅलेटमधल्या तपकिरीनेच विरवाव्या लागतात.

वजनाचा हिशोब. सुट्या गोल शेडचा नेहमीचा पॅन २६ मिलिमीटरचा, आत साधारण १.५ ग्रॅम. मोठ्या पॅलेटमध्ये मागे लिहिलेलं एकूण वजन रंगांच्या संख्येने भागलं तर दर पॅनला १ ग्रॅमही भरत नाही. तरी मी ग्रॅमवर अडत नाही, पॅलेट संपवतं कोण! किंमत भागायची ती आपण खरोखर लावणार त्या शेड्सनी. या हिशोबात छोटी सहज जिंकते आणि मोठी सगळ्यात महाग पडते.

निकाल: छोटी घ्यावी. मोठी फक्त स्टेज किंवा फोटोसाठी रंगीत लुक करणाऱ्यांनी. जांभळी अजून लटकलेली आहे. प्राइमरऐवजी खाली जांभळी क्रीम पेन्सिल चोळून वर हीच पावडर थापायची, हा प्रयोग बाकी आहे. त्यानेही भोक पडलं तर मॅट सोडून नुसते शिमर वापरणार.