आमची वाटचाल : पगारापलीकडची पावती

आमचा छापखाना लहान आहे. ऑफसेटची दोन मशीन, एक कटिंग मशीन, बाइंडिंगचं लांब टेबल आणि हा सगळा डोलारा सांभाळणारी मोजकी माणसं. व्यवसाय कसा वाढला, असं विचारणाऱ्यांना मशीन कुठलं घेतलं आणि कर्ज किती काढलं यात जास्त रस असतो. मला मात्र माणसांबद्दल सांगायचंय. पैसे जमले की मशीन कुणालाही आणता येतं. त्या मशीनपाशी उभा असलेला माणूस कामात जीव ओततो की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

सुरुवातीची वर्षं आम्ही एकच गोष्ट धरून ठेवली : ठरलेल्या तारखेला पगार. गिऱ्हाइकाचे पैसे अडकले तरी तारीख चुकू द्यायची नाही. आजही माझ्या मते ही पहिली पायरी आहे. पगार थकवून शाबासकी देणं हा माणसाचा अपमान आहे. पण नियमित पगारामुळे कुरकुर थांबली, तरी कामाची उमेद काही वाढली नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं होतं : पगार, सोयी, नियम यांत खोट असली की माणूस नाराज होतो, पण त्याला काम करावंसं वाटतं ते काहीतरी साध्य झाल्यामुळे आणि त्याची कुणीतरी दखल घेतल्यामुळे. आमच्या छापखान्यात हे रोज दिसत होतं.

मग इन्सेंटिव्ह सुरू केला. महिन्यात ज्याचे छाप, म्हणजे मशीनवर छापून निघालेले कागद, जास्त, त्याला जादा रक्कम. आकडे वाढले, पण लांब पल्ल्याची, म्हणजे जास्त प्रतींची, कामं आपल्याच मशीनवर यावीत म्हणून ओढाताण सुरू झाली. छपाईतल्या माणसाला हे लगेच कळेल. हजार प्रतींच्या कामात प्लेट चढवणं, रंग जुळवणं, रजिस्ट्रेशन बसवणं, म्हणजे सगळे रंग एकमेकांवर नेमके बसवणं, यातच बराचसा वेळ जातो. पन्नास हजारांच्या कामात मशीन एकदा लागलं की धावत राहतं. म्हणजे अवघड काम करणारा मागे आणि सोपं काम मिळालेला पुढे. रोलर धुण्यातही घाई होऊ लागली, कारण धुण्यात गेलेला वेळ छापांच्या आकड्यात कुणी धरत नव्हतं. आम्ही ती योजना बंद केली आणि तेवढी रक्कम सगळ्यांच्या पगारात मिळवली.

खरी दिशा मिळाली ती बाइंडिंगच्या टेबलावरून. एका पुस्तकाचा तिसरा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातला जाणारा पानांचा गट, मशीनवर सुरू होता. बाइंडिंगला बसणाऱ्या ताईंनी पहिल्या कागदांतला एक उचलून सहज घडी घातली, पानं चाळली आणि थबकल्या. छत्तिसाव्या पानानंतर थेट एक्केचाळिसावं येत होतं. प्लेटवर पानांची मांडणी चुकली होती. त्या तडक मशीनपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “दादा, मशीन थांबवा.” बाइंडिंगवाल्यांनी मशीनमनला असं सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मशीनमननेही वाद न घालता मशीन थांबवलं, हे मला तितकंच मोलाचं वाटतं.

त्याच दुपारी मी सगळ्यांना बोलावलं. “छान काम केलंत” एवढ्यावर न थांबता काय घडलं ते क्रमाने सांगितलं : ताईंनी न सांगता घडी घालून पाहिली, आकडे तपासले, बोलायला कचरल्या नाहीत, म्हणून पूर्ण फर्म्याचा कागद वाया जायचा वाचला. आणि मशीन थांबवणाऱ्यांचंही नाव घेतलं. त्यानंतर प्रत्येक फर्म्याचा पहिला कागद घडी घालून पाहणं ही छापखान्याची रीतच झाली. त्यासाठी सूचना लावावी लागली नाही.

तेव्हापासून कौतुक नेमक्या कामाचं आणि शक्यतो त्याच दिवशी करायचं, असं ठरलं. टेबलावर एक वहीही ठेवली. दुसऱ्याने केलेलं चांगलं काम त्यात कुणीही लिहावं. आठवड्याच्या शेवटी ती सर्वांसमोर वाचली जाते. माझ्या नजरेला न पडणारी कितीतरी कामं तिथे कळतात : कुणी रात्री उशिरा शाईचे डबे नीट झाकले, कुणी नव्या हेल्परला कागद झटकून हवा कशी भरायची ते शिकवलं.

बक्षिसं आधी जाहीर करत नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला होता. ज्यांना प्रमाणपत्राचं आमिष आधी दाखवलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून राहिली. आम्हीही काम झाल्यावरच देतो, आणि काय हवं ते त्या माणसालाच विचारतो. एकाला मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी अर्धा दिवस हवा होता. एका हेल्परला संगणकावर प्लेट बनवायला शिकायचं होतं. आज तो विभाग तोच पाहतो. चारचौघांत कौतुक झालेलं काहींना अवघडल्यासारखं होतं, त्यांच्याशी मी एकट्याने बोलतो.

नफ्यातला वाटा यात मिसळत नाही. त्याचा नियम भिंतीवर लिहिलेला आहे आणि तो सगळ्यांना सारखा लागू आहे. माझ्या मर्जीवर कुणाचं घर चालू नये, असं मला मनापासून वाटतं.

अजून माल पोहोचवणारी आमची माणसं वहीच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांचा दिवस रस्त्यावर जातो आणि त्यांचं काम दिसतं ते फक्त गिऱ्हाइकाला. म्हणून आता डिलिव्हरीच्या चलनावर, सहीच्या खाली, गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहिता येतील एवढी जागा सोडतो आहोत. पुढची चलनं तशीच छापून येतील.