हे नका लिहू ना, ताई

"ड्रेस आईनं शिवला. पण हे नका लिहू ना, ताई."

नागपुरातला कॉमिक्सचा मेळावा. मी सुपरमॅनच्या गोष्टींतली बातमीदार लॉइस लेन झालेली, गळ्यात पुठ्ठ्याचं प्रेस कार्ड, हातात मात्र खरी वही. समोर आठेक वर्षांचा स्पायडरमॅन. लाल टी-शर्टवर मार्करनं काढलेलं जाळं, घामानं शाई मानेवर उतरलेली.

आई मागेच होती, पाण्याची बाटली घेऊन. तिनं ऐकलं. बोलली काहीच नाही, रुमालानं त्याची मान पुसली फक्त.

मी मुकाट्यानं ती ओळ खोडली.

सीताबर्डीला मेट्रोत बसल्यावर आठवलं, १९६२ च्या पहिल्या कथेत पीटर पार्करनं, म्हणजे खुद्द स्पायडरमॅननं, आपला पोशाख स्वतःच बनवला होता! तिथंच सांगायला हवं होतं त्याला. त्याच्या आईलाही.

विकतचंच खरं, हे एवढ्याशा पोराला कुठून कळतं हो?