आदाम हव्वेशी काय बोलला?

पुण्यात गेली बावीस वर्षे मी इंग्रजी साहित्य शिकवते आहे आणि इंग्रज कवी मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे आदाम-हव्वेवरचे महाकाव्य सुरू झाले की दरवर्षी वर्गातले कोणीतरी विचारतेच: आदाम-हव्वेच्या एवढ्याशा गोष्टीवर लेखक शतकानुशतके का लिहीत राहिले? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून माझे उत्तर एकदा नीट लिहून काढते.

ही गोष्ट बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात येते; त्यातील दुसरा आणि तिसरा अध्याय मिळून अवघी ४९ वचने होतात. त्यांत देव बोलतो, सर्प बोलतो, हव्वा सर्पाला उत्तर देते, आदाम देवापुढे हव्वेवर ठपका ठेवतो. परंतु ही दोघे एकमेकांशी बोलल्याचे एकही वाक्य तिथे नाही. ‘ही माझ्या हाडातले हाड’ हे आदामचे उद्गारही तिच्याविषयी आहेत, तिला उद्देशून नव्हेत. (देवाने मना केलेले ते फळ सफरचंदही नाही, आहे ते नुसते फळ.) पुढे देव आदामला दोष देतो तो पत्नीचे ऐकलेस म्हणून. म्हणजे ती काहीतरी बोलली होती, पण काय, ते कळत नाही. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तरी ही जागा रिकामीच राहिली, कारण ती मुळातच रिकामी आहे. साहित्य शिरले ते या जागेत, असे मला वाटते.

१६६७ साली प्रसिद्ध झालेले हे महाकाव्य मिल्टनने दृष्टी गेल्यावर दुसऱ्यांकडून लिहवून घेतले, आणि त्यात त्याने या जोडप्याला संसार दिला. नवव्या सर्गात त्यांचा वाद होतो तो बागकामावरून: जवळ असलो की बोलण्यात वेळ जातो, तेव्हा आज कामे वाटून घेऊ, असे हव्वा म्हणते, आदामला धास्ती वाटते, तरी तिला बळेच थांबवून घेणे त्याला पटत नाही, आणि ती त्याच्या हातातून आपला हात अलगद सोडवून निघते. ती येईल म्हणून तो तिच्यासाठी फुलांची माळ गुंफतो. तिने फळ खाल्ल्याचे कळताच माळ त्याच्या हातून गळते आणि कोमेजलेले गुलाब विखुरतात. त्यानंतर तो फसून नव्हे, तर तिच्यावाचून जगणे नको म्हणून, सारे ठाऊक असताना फळ खातो. हव्वेला कमी लेखणाऱ्या ओळी याच काव्यात आहेत आणि त्या मी गाळत नाही. पण आदाम तिला सर्प म्हणून झिडकारतो तेव्हा त्याच्या पायांशी येऊन समेट घडवते ती हव्वाच, हेही मी तितक्याच आग्रहाने वाचून दाखवते.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने दोघांच्या हाती स्वतंत्र दैनंदिन्या दिल्या. १९०४ मध्ये त्याची पत्नी वारली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या हव्वेच्या दैनंदिनीच्या अखेरीस आदाम तिच्या थडग्यापाशी म्हणतो की, ती जिथे असे तिथेच एदेनची बाग होती. मूळ कथेत तो तिच्याशी बोलला नाही. इथे बोलतो तेव्हा ती ऐकायला नाही.

गेल्या वर्षी मी वर्गाला हव्वेचे ते न लिहिलेले वाक्य मराठीत लिहायला सांगितले. बहुतेकांनी ‘खाऊन तर बघ’ असे लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले, ‘मी खाल्लंय. तुझं तू ठरव.’