टर्न डाऊन आणि कर्वे रोड

"सर, फ्रेजल व्हर्ब्जची एखादी चांगली यादी द्या ना." आठवड्यातून एकदा तरी हे ऐकतो. (फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्रजी क्रियापद आणि त्याला चिकटलेला छोटा शब्द, दोघांचा मिळून एक अर्थ.) विचारणारी मुलं बहुतेक सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली, स्पर्धा परीक्षावाली. फ्रेज आणि फ्रेजल व्हर्ब यांत फरक काय आणि त्यांचे अर्थ लक्षात कसे ठेवायचे, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. याद्या अप्पा बळवंत चौकात ढिगानं मिळतात. मीही घेतली होती, घोकलीही होती.

तरी पहिल्याच नोकरीत तोंडावर आपटलो. लंडनच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, 'वुई हॅव टर्न्ड डाऊन युअर कोटेशन.' रेडिओचा आवाज टर्न डाऊन करतात, एवढं पक्कं ठाऊक होतं. साहेबांना सांगितलं, दर थोडे उतरवायला सांगताहेत. साहेबांनी बिचाऱ्यांनी उतरवून पाठवलेसुद्धा. तिकडे नकार केव्हाच देऊन झाला होता.

बरं, फ्रेज वेगळी आणि फ्रेजल व्हर्ब वेगळं. 'शी टर्न्ड ऑफ कर्वे रोड' म्हणजे ती कर्वे रोडवरून वळली. इथे 'ऑफ कर्वे रोड' हा शब्दगट, म्हणजे फ्रेज. टर्नचा अर्थ आपला वळणंच. 'शी टर्न्ड ऑफ द लाइट' मध्ये मात्र ऑफ टर्नला चिकटला आणि दोघांचा मिळून अर्थ झाला बंद करणं. शंका आली तर ऑफ शेवटी नेऊन बघा. 'टर्न्ड द लाइट ऑफ' चालतं. 'टर्न्ड कर्वे रोड ऑफ' म्हटलंत तर बाईंनी रस्ताच बंद केला. (तो तसाही अधूनमधून असतोच.) आणि लाइटच्या जागी 'इट' आला की तो मधेच बसतो: टर्न इट ऑफ. 'टर्न ऑफ इट' नाही. पण ही परीक्षा सगळ्यांना लागू नाही. 'लुक आफ्टर' कधी तुटत नाही. लुक आफ्टर हिम, बस्स.

आता अर्थांचं. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, पोरगा नोकरीला लागतो, पोरगी रडायला लागते. प्रकार अगदी तोच नाही, पण 'लागणे'ची यादी कुणी पाठ केली होती? सोबतचा शब्द कानावर पडत गेला, एवढंच. म्हणून मी यादी देत नाही, वही करायला लावतो: क्रियापदापुढे अर्थ नाही, त्याचे सोबती लिहायचे. टर्न डाऊनपुढे ऑफर, अर्ज, आवाज. आणि एक वाक्य स्वतःचं.

परवा एकानं वही दाखवली. टर्न डाऊनपुढे वाक्य होतं, 'थ्री फॅमिलीज हॅव टर्न्ड मी डाऊन.' 'मी' बरोबर मधे बसला होता. मी बरोबरची खूण केली आणि चहा मागवला.