‘जो’ला ‘तो’ न देणारी भाषा
मराठीत आपण ‘जो मुलगा काल आला होता, तो माझा भाचा आहे’ असे म्हणतो, म्हणजे संबंधी सर्वनामामागून दर्शक सर्वनाम बहुधा येतेच. हीच जोडी मनात धरून मी शाळेत ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय नेफ्यू’ असे लिहीत असे, आणि त्यातले ‘ही’ का चुकते हे मला फार उशिरा कळले. इंग्रजीत ‘द बॉय हू केम यस्टरडे’ हा सगळा शब्दसमूहच कर्ता असतो, म्हणून त्याच्यापुढे थेट क्रियापद येते. ‘द बुक विच आय बॉट इट’ यातला ‘इट’ही तसाच अनावश्यक, कारण कर्माची जागा ‘विच’ने आधीच घेतलेली असते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्वल्पविराम. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले, तर अनेक भावांपैकी नागपूरचा, असा अर्थ निघतो. ‘हू लिव्ह्ज इन नागपूर’ हे शब्द दोन स्वल्पविरामांत ठेवले, तर भाऊ एकच असून त्याचे गाव केवळ जाता जाता सांगितले, असे वाचकाला समजते. अशा जादा माहितीच्या उपवाक्यात ‘हू’ किंवा ‘विच’ चालते, ‘दॅट’ नाही.

‘हूज’ मात्र निर्जीव वस्तूंनाही निःसंकोच वापरावे. ‘अ हाऊस हूज रूफ लीक्स’ हे पूर्णपणे शुद्ध आहे.