वाए रेबो: डोंगरातली सात घरे

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर, मांगराईच्या डोंगरांत वसलेल्या वाए रेबोपर्यंत मोटार पोहोचत नाही; जंगलातली चढण पायीच चढावी लागते, आणि माझ्या मते गावाचे रूप टिकले ते त्यामुळेच. शंकूच्या आकाराच्या सात ‘म्बारू नियांग’ घरांना प्रत्येकी पाच मजले असून, खाली चुलीभोवती अनेक कुटुंबे राहतात, वर बियाणे व दुष्काळासाठीची बेगमी असते, तर अगदी टोकाशी पूर्वजांचा नैवेद्य. या घरांच्या पुनर्बांधणीला २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पाहुण्याने आधी मुख्य घरात जाऊन पूर्वजांची अनुमती घ्यायची, कॉफी नंतर. अंगणात वाळणारी कॉफी रास्त दराने विकत घेणे हाच मला सरळ व्यवहार वाटतो.