चिलखत कुणाच्या मापाचं?

आज एका निवृत्त महिला लष्करी अधिकाऱ्यांचं बोलणं ऐकून आले. मन अजून तिथंच आहे.

मॅडमनी सुरुवातच चिलखतापासून केली. पुरुषांच्या मापाचं बुलेटप्रूफ जॅकेट बाईच्या अंगावर नीट बसत नाही, बंदूक खांद्याला टेकवताना अडतं, बसलं की वर सरकतं. हे त्या वर्षानुवर्षं लेखी कळवत राहिल्या. "तक्रार नव्हती ती, सुरक्षेचा अहवाल होता," असं म्हणाल्या तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं.

मग विषय निघाला ठराव १३२५चा. शांतता आणि सुरक्षेच्या निर्णयांत बायका हव्यात, असं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० रोजी मान्य केलं. पण शांतिसेनेच्या एका मोहिमेतल्या सैन्याची कमान बाईच्या हाती यायला २०१४ उजाडलं. नॉर्वेच्या मेजर जनरल क्रिस्टिन लुंड, सायप्रसमध्ये. चौदा वर्षं! हा आकडा मला टोचतोय.

मॅडम सांगत होत्या, शांतिसेनेच्या गस्तीवर बाई असली की तिथल्या घरातल्या बायका बोलतात. रात्री कोण येतं, पाण्याची वाट का बदलली, मुलगी शाळेत का जात नाही. मी आजवर याकडे फक्त समान संधीचा प्रश्न म्हणून बघत होते. तो आहेच. पण या बायकांचं ऐकल्याशिवाय पहारा अर्धाच राहतो, हे आज कळलं.

शेवटी एका मुलीनं विचारलं, "भीती वाटायची का?"

"वाटायची. माझी एक चूक पुढच्या सगळ्या मुलींच्या नावावर लिहिली जाईल, याची."

त्या मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. मीही.